अकरावं मेहूण

आमच्या राहात्यात कुणाचं कुणाशी काय नातं आहे, हे ठरवण्याचं काम गावाकडे असे. ज्यांचं नातं, त्यांना विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळे आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत दोघी बायका भाड्याने राहायला आल्या, तेव्हा गावाने परस्पर ठरवून टाकलं की त्या बहिणी आहेत.

थोरली दवाखान्यात नर्स होती. उंच, सावळी, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. बाराव्या वर्षी विधवा झालेली आणि पुढे नगरला राहून बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. धाकटी ठेंगणी, गोरी, कपाळाला चांगलं रुपयाएवढं कुंकू लावणारी. ती यंत्रावर चोळ्या आणि झबली शिवायची, म्हणून ती 'शिवणवाली'. तिला नवऱ्याने टाकलं होतं. नवरा हयात होता, दुसरी करून सुखात होता, म्हणून हिचं कुंकू शाबूत. आपल्याकडे बाईचं कपाळ कुणाच्या तब्येतीवर अवलंबून असतं हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तर बहिणी. पण दोघींचे चेहरे एकमेकींशी जुळेनात, आणि थोडी चौकशी झाल्यावर एकीचं माहेर जुन्नरकडचं आणि दुसरीचं नेवाशाकडचं निघालं. मग गावाने त्यांना मावसबहिणी केलं. मावशी काही सापडेना, तेव्हा गुरुबहिणी केलं. गुरू कोण, ते विचारायला कुणी गेलं नाही. गावाला उत्तर हवं होतं, खरं उत्तर हवं होतं असं नाही.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते, त्यांची एक बायको घरी आणि एक बाई कोपरगावला. त्याला लोक 'व्याप' म्हणत. पलीकडे दोन सख्खे भाऊ मधे भिंत घालून अकरा वर्षं एकमेकांशी न बोलता राहत, त्याला 'एकत्र कुटुंब' म्हणत. पण दोन बायका एका घरात राहतात आणि संध्याकाळी आतून हसण्याचा आवाज येतो, ही गोष्ट मात्र कुणीतरी समजावून सांगावी लागे.

मी तेव्हा सतरा वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं. तिकडे जर्मनची लढाई चालू होती. सासूबाईंचा कारभार कडक आणि माझे 'हे' बाजारात अडत्याकडे कामाला. स्वभावाने शांत. इतके शांत की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ते माझ्याशी जे बोलले ते बहुतेक मिठाबद्दल होतं. जास्त आहे किंवा कमी आहे. बरोबर असेल त्या दिवशी घरात शांतता.

म्हणून मला मागच्या खोल्यांचं वेड लागलं. चोळी शिवायच्या निमित्ताने मी जाऊन बसायची. शिवणवालीची नजर अधू होती, तिला सुईत दोरा ओवता येत नसे. पोट सुईवर आणि सुईचं नाक दिसेना, अशी गंमत. तर बाई रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी दहा सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायच्या. पांढरा दोरा पाच, काळा तीन, लाल दोन. कांदाही बाईच चिरायच्या. "तिच्या डोळ्यांना आधीच कमी त्रास आहे का?" म्हणायच्या. आणि बाळंतपण उरकून बाई परत यायच्या वेळेला शिवणवालीने पाणी तापवून ठेवलेलं असे. बाई दारात पाऊल टाकत तेव्हा बादलीतून वाफ येत असे. तिला वेळ कसा कळायचा, हे मी पुष्कळदा विचारलं. "कळतं की," एवढंच म्हणायची.

भांडतही छान. साखर कारखाना गावापासून फार लांब नव्हता, वारा फिरला की मळीचा वास थेट चुलीपर्यंत यायचा, आणि साखर मात्र रेशनच्या कार्डावर चिमूटभर. बाईंना गुळाचा चहा चालत नसे. मग शिवणवाली स्वतःच्या वाटणीची साखर बाईंच्या कपात घालायची, आणि ते बाईंना कळलं की जुंपायची. पुढे दोन दिवस अबोला. अबोल्यात टपाल वाहायचं काम माझ्याकडे.

"वहिनी, ह्यांना सांगा, भाकरी झाकून ठेवलीया."

"वहिनी, तिला सांगा, मला भूक नाही."

"वहिनी, ह्यांना इचारा, भूक न्हाई तर सकाळपून दोनदा डबा कुनी उघडला?"

मी मधे बसून दोघींकडे बघत असे. मला हेवा वाटायचा. आमच्या घरी भांडणसुद्धा नव्हतं.

ती कार्डं लिहायला पुण्याकडचा एक कारकून चावडीत येऊन बसला होता, त्याची गोष्ट सांगायला हवी. घरोघरच्या पुरुषांना कामं होती, म्हणून बायका रांगेत. कारकून विचारी, कुटुंबप्रमुखाचं नाव? आता नवऱ्याचं नाव बाईने कसं घ्यायचं? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही माहीत. एकीने देवळाकडे बोट केलं, दुसरीने नदीकडे, तिसरीने आभाळाकडे. कारकून घामाघूम झाला. म्हणाला, "तुमच्या गावात बारशाला आंधळी कोशिंबीर खेळतात का?" माझी पाळी आली तेव्हा मी खाली मान घालून उभी. अंगठ्याने जमीन उकरून उकरून खळगा पाडला. शेवटी माझ्या मागे उभ्या असलेल्या शिवणवालीने माझ्या नवऱ्याचं नाव खणखणीत सांगितलं. दुसरीने घेतलेलं चालतं, त्याने आयुष्याला धक्का लागत नाही. अशा काळजीने आमच्या गल्लीतले पुरुष शंभर वर्षं जगायला मोकळे होते. जगून काय करणार होते, हा प्रश्न निराळा.

मग एका सकाळी शिवणवालीचा नवरा उगवला.

नऊ वर्षांनी त्याला बायकोची उबळ आली होती. दुसरी वारली होती. मागे दोन पोरं आणि तीन म्हशी, आणि म्हशींची धार काढायला घरात कुणी नाही. बरोबर त्याने मामाला आणलं होतं. मामा तोंडाने भरभक्कम. दोघे थेट मामंजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे आले, कारण खोल्या मामंजींच्या. ओसरीवर घोंगडी पसरली. शेजारचे एक वजनदार आप्पा पंच म्हणून आले, आणि लिहायला शाळेतले मास्तर.

त्या वेळी बाई कुठे होत्या? आप्पांच्याच घरी. आप्पांची सून रात्रीपासून अडली होती आणि बाई तिच्या उशाशी होत्या. म्हणजे आप्पांचा वंश वाढवायला बाई तिकडे घाम गाळत होत्या आणि आप्पा इकडे सुपारी कातरत बाईंचं घर मोडायला बसले होते. लाज हा शब्द आप्पांना माहीत होता. तो ते सुनांसाठी वापरत.

मामंजी म्हणाले, "नवरा न्यायला आलाय. आता बाईनं जावं. न्हाई गेली तर खोल्या मोकळ्या कराव्यात दोघींनी. आमी नांदत्या घरातली मानसं हावोत. टाकलेली गोष्ट येगळी, पर नवरा बलावतोय आन् बाई जात न्हाई, ही गोष्ट माज्या घरात न्हाई चालायची."

आम्ही बायका माजघराच्या दाराआड उभ्या. पुढे सासूबाई, मागे मी. मला रडू यायला लागलं होतं. त्या खोल्या गेल्या तर माझं काय, असा विचार आधी आला आणि त्यांचं काय, हा नंतर, हे आज कबूल करते.

मास्तर म्हणाले, "बाई सरकारी नोकरीतल्या. उद्या तक्रार करतील. हिची राजीखुशीची जबानी लिहून घेऊ." कागद काढला, दौत उघडली. शिवणवालीला बोलावलं. ती ओसरीच्या खाली अंगणात उभी राहिली. पदर डोक्यावर, बोटात अजून शिवणाचं अंगुस्तान तसंच.

मास्तरांनी तिचं नाव लिहिलं. मग म्हणाले, "नवऱ्याचं नाव?"

मास्तर बिचारे वाट बघायच्या तयारीने बसले होते. आता ही लाजेल, मग कुणीतरी पुरुष सांगेल, असं ठरलेलंच असतं.

तिने सांगितलं. सरळ, वर बघून.

मास्तरांच्या टाकाची शाई कागदावर ठिपकली. "काय म्हणालीस?"

तिने परत सांगितलं. या वेळी बापाच्या नावासकट.

मामा उसळला. "ए बये! नवऱ्याचं नाव घेतीस? चार मानसांत?"

"मास्तरांना ऐकू न्हाई आलं, मामा," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. बाजारात गवारीचा भाव सांगावा तसं. नवऱ्याच्या तोंडावरचा रंग उतरला. तो सदऱ्याच्या आतून छातीवर हात फिरवू लागला.



आप्पांनी घसा खाकरला. "बरं, फुडं लिव्हा. सध्या राहनार कुनाजवळ? त्या दवाखान्यातल्या बाईचं पुरं नाव काय गं?"

आणि शिवणवालीने मान खाली घातली.

मास्तर थांबले. "अगं, नाव सांग. नाव ठाऊक नाही का? सहा वर्षं राहतेस ना?"

तिने पदर पुढे ओढला आणि पायाच्या अंगठ्याने अंगणातली माती उकरायला लागली. हे सगळं मी चावडीत स्वतः केलं होतं. मला एकदम आठवलं, की एवढ्या दिवसांत मी तिच्या तोंडून बाईंचं नाव एकदाही ऐकलेलं नव्हतं. 'ह्यांना सांगा', 'ह्या आल्या', 'ह्यांचं पाणी'. मला ते कधी खटकलं नव्हतं, कारण मीही तसंच बोलत होते.

"मुकी झाली का काय!" मामा म्हणाला. "माज्या भाच्याचं नाव तीन तीन बार, आन् हितं दातखीळ!"

तिने दाराकडे पाहिलं. तिला मी दिसले. हळू म्हणाली, "वहिनी, तुमी सांगा वो."

मी दारातून बाईंचं नाव सांगितलं. मास्तरांनी लिहून घेतलं. पुरुषांना काही म्हणजे काही कळलं नाही. त्यांना वाटलं, बावचळली असेल. दाराआड मात्र कुणाची बांगडी वाजली नाही.

मग एक अशी गोष्ट झाली जी त्या घरात कधी झाली नव्हती. सासूबाई उंबरा ओलांडून पुरुषांच्या बैठकीत गेल्या. पदर नीट केला आणि त्या नवऱ्याकडे न बघता मामाला म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी हिला न्यायला आलाव व्हय?"

"व्हय."

"आत्ता हिनं तीनदा नाव घेतलं. नऊ वर्सांत रोज किती बार घेतलं आसंल, त्याचा हिशेब कुनापाशी न्हाई. आता घरी नेल्यावर तर काय, म्हशीला हाक मारताना बी घेईल. मानूस आधीच वाळलेला दिसतोय. दम लागतो का हो पाव्हणं?"

नवऱ्याने छातीवरचा हात काढला नाही.

"न्या की," सासूबाई म्हणाल्या. "आमचं काय जातंय? पर दोन पोरं हायती म्हनं. ह्यो गेल्यावर त्यांना कोन बघनार, तेवढं कागदावर लिव्हून ठिवा."

शिवणवालीने नाव घ्यायला चौथ्यांदा तोंड उघडलं. नुसतं उघडलं. नवरा उठलाच. मामा पंचांना, शास्त्राला आणि कलियुगाला शिव्या देत होता, आणि भाचा वेशीच्या दिशेने असा चालला होता, की म्हशींची धार आता तो स्वतःच काढणार हे कुणालाही कळावं. घाबरट माणसाला आवरायला कायदा लागत नाही, त्याचा स्वतःचा समज पुरतो.

मामंजी म्हणाले, "आगं, पर त्या खोल्या..."

"खोल्यांचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "शेनानं सारवायच्या झाल्यात. सांगते मी तिला." आणि आत आल्या.

दुपारी बाई परत आल्या. आप्पांना नातू झाला होता, पेढ्याचा पुडा बाईंच्या हातात होता. अंगणात येईपर्यंत चार जणांनी त्यांना सगळं ऐकवलं होतं. मी मुद्दाम आडोशाने बघत होते, काहीतरी मोठं होईल म्हणून. शिवणवाली म्हणाली, "पानी तापलंय." बाई म्हणाल्या, "हो." आणि पाय धुवायला बसल्या. बराच वेळ पाय धूत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर चिंधीला वीस सुया टोचलेल्या.

सासूबाई मात्र बिघडल्या. कामं होत होती, पण तोंडाचा पट्टा बंद. एक दिवस तांदूळ निवडता निवडता एकदम म्हणाल्या, "तिनं नाव घेतलं न्हाई."

"कुणाचं, आत्याबाई?"

"तुला ठावं हाय कुनाचं." चार खडे बाजूला टाकले. "मी बी न्हाई घेतलं चाळीस वर्सं. पर मी लोकांला भिऊन. ती कुनाला भ्याली, सांग? तिला वाटलं, नाव घेतलं तर त्या मानसाचं कायतरी वंगाळ हुईल. येवढंच." मग सूप माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "निवड नीट. डोळं हायत का न्हाईत?" मी नीट निवडायला लागले, कारण डोळे भरल्याने मला काही दिसत नव्हतं.

सासूबाई बंडखोर वगैरे अजिबात नव्हत्या, हे स्पष्ट करते. त्या शास्त्राच्या बाई. सोवळं, एकादशी, ग्रहण, सगळं काटेकोर. शास्त्रात बसतं ते बसतं, मग ते जगाला आवडो न आवडो. त्यांच्या पोथीत पतिव्रतेचं एक लक्षण दिलेलं होतं आणि ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. झालं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी धोंड्याचा महिना आला. सासूबाईंनी अकरा मेहुणं जेवू घालायचा संकल्प सोडला होता. मेहूण म्हणजे नवराबायकोची जोडी, तिला लक्ष्मीनारायण समजून पुजायचं आणि पुरणाचे धोंडे वाढायचे. रेशनच्या दिवसांत अकरा मेहुणं म्हणजे थट्टा नव्हती. गूळ, डाळ, तूप महिना महिना आधीपासून साठवलं. आमंत्रणं द्यायला मलाच पाठवलं. दहा घरं सांगितली.

"आत्याबाई, अकरावं?"

"त्याचं मी बघते."

त्या दिवशी ओसरीवर दोन ओळींत पानं मांडली. प्रत्येक जोडीच्या दोन पानांभोवती मिळून एक रांगोळी. जोड्या येऊन बसल्या. आप्पा सपत्नीक, कोपरगावच्या व्यापाचे गृहस्थ घरच्या बायकोसह, भिंतवाले दोघे भाऊ दोन टोकांना आपापल्या बायका घेऊन. सगळे लक्ष्मीनारायण. शेवटची दोन पानं रिकामी.

"अकरावं मेहूण कुठं आहे?" पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनी विचारलं.

तेवढ्यात मागच्या दाराने सासूबाई शिवणवालीला घेऊन आल्या आणि एका पानावर बसवलं. पाठोपाठ दवाखान्यातून बाई आल्या, हात धुऊन, अजून डेटॉलचा वास येत होता. "मला कशाला बोलावलंत?" त्यांनी विचारलं. सासूबाईंनी शेजारच्या पानाकडे बोट केलं. बाई बसल्या. विधवा बाई, मेहुणाच्या पंगतीत.

"हे... हे कसं..." गुरुजी म्हणाले.

"बसलंय की मेहूण," सासूबाई म्हणाल्या. "तुमी पानी सोडा."

गुरुजींनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी समोरच्या पानातल्या मिठाकडे पाहिलं. या घरातले पुरुष अडचणीत मिठाकडेच बघतात.

सासूबाई ओळीने पूजा करत निघाल्या. बायकांना हळदकुंकू, पुरुषांना गंध. दहा जोड्या झाल्या. अकराव्या पानाशी आल्या. शिवणवालीला हळद लावली, कुंकू लावलं. मग हात थांबला. मी धोंड्यांचं ताट घेऊन मागे उभी होते. विधवेला कुंकू लावायचं नाही, हे सासूबाई मरेपर्यंत विसरल्या नसत्या. त्यांनी कुंकवाचा करंडा माझ्या ताटात ठेवला आणि गंधाची वाटी उचलली.

बाईंच्या कपाळाला बाराव्या वर्षापासून कुणी बोट लावलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. सासूबाईंनी मधल्या बोटाने गंध लावलं, दोन अक्षता चिकटवल्या आणि म्हणाल्या, "वाढ गं."

मी वाढलं. गुरुजींनी पाणी सोडलं. पुरुषांनी जेवायला सुरुवात केली. शिवणवाली हात आवरून बसली होती. बाईंनी पहिला घास घेतला, तेव्हा तिने घेतला. ओळीतल्या बाकीच्या दहाजणीही नवऱ्याच्या पहिल्या घासासाठी तशाच थांबल्या होत्या.